मिशनच्या आवारातला आपला इतिहास

सीमाभागातला मराठी माणूस इतिहासावर बोलू लागला की सुरुवात 1956 पासून करतो. राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला दावा, 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचे झालेले बेळगावी, हे सारे आपल्याला तोंडपाठ आहे. ते असायलाच हवे. पण त्याआधीची सव्वाशे-दीडशे वर्षे या गावात कोण शिकले, कोणत्या भाषेत शिकले, कोणाशेजारी बसून शिकले, याबद्दल आपण जवळजवळ काहीच सांगू शकत नाही. हा इतिहास शाळांच्या आवारांत आहे आणि त्यातली सर्वांत जुनी आवारे मिशनची आहेत. तो जपणे आणि लिहिणे हे चर्चचे खासगी काम आहे असे आपण धरून चाललो आहोत. माझ्या मते ते साऱ्या गावाचे काम आहे, आणि मराठी म्हणवणाऱ्यांनी त्यात पुढे असायला हवे.

1818 साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. छावणी वसली, आणि छावणीपाठोपाठ मिशनरी आले. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर 1820 मध्ये बेळ्ळारीहून बेळगावला आले. पुढे विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. छावणीत तमिळ बोलणारे शिपाई आणि त्यांचे कुटुंबकबिले होते, पेठेत मराठी होती, आसपासच्या गावांत कानडी आणि मराठी दोन्ही. म्हणजे मिशनला पहिल्या दिवसापासून अनेक भाषांत काम करावे लागले. 1830 च्या दशकात त्यांची इंग्रजी शाळा उभी राहिली. आज कॉलेज रोडच्या बाजूला बेननस्मिथ म्हणून जी संस्था सारे गाव ओळखते, तिच्या नावातला बेनन तो हाच. बेळगावात वाढलेल्या कितीतरी माणसांनी तिचे मैदान तुडवले असेल, आणि त्यातल्या फार थोड्यांना हा बेनन कोण ते सांगता येईल.

या मिशन शाळेत 1840 च्या दशकात एक मुलगा शिकत होता. 1831 मध्ये बेळगावातच, कासार कुटुंबात त्याचा जन्म झालेला. नाव बाबा पदमनजी. पुढच्या शिक्षणासाठी तो मुंबईला गेला, एल्फिन्स्टनमध्ये आणि मग फ्री चर्चच्या शाळेत शिकला, 1854 मध्ये बेळगावला परत येऊन त्याने बाप्तिस्मा घेतला, आणि 1857 साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठी कादंबरीचा इतिहास तिथून सुरू होतो असे वाङ्मयाच्या पुस्तकांत आपण शिकतो. विधवांच्या हालांवर लिहिलेले, त्या काळी कोणाला पचणार नाही असे ते पुस्तक. 1857 म्हटले की आपल्याला बंड आठवते. त्याच वर्षी बेळगावच्या मिशन शाळेतून निघालेल्या एका तरुणाने मराठी कादंबरीचे दार उघडले, हेही आठवायला हवे.

आता आपले वागणे पाहा. 1946 मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावला साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथे झाला, याचा आपल्याला अभिमान आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा या गावांतली माणसे पदरमोड करून साहित्य संमेलने भरवतात. शेतकरी, शिक्षक, दूध घालणारे, बांधकामावर जाणारे तिथे दिवसभर बसून भाषणे ऐकतात. मराठी जगवण्याची ही धडपड महाराष्ट्रातल्या मोठमोठ्या शहरांनी पाहून शिकावी अशी आहे. एवढे असूनही पहिल्या मराठी कादंबरीचा लेखक आपल्याच गावचा, इथल्याच शाळेत शिकलेला, ही गोष्ट आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच ऐकू येते. तो ख्रिस्ती झाला म्हणून त्याला आपण आपल्यातून वजा केले आहे, दुसरे कारण मला सापडत नाही. बेळगावची मराठी परंपरा सांगताना ज्याचे नाव पहिल्या दोन-चारांत यायला हवे तो माणूस आपण स्वतःहून सोडून दिला. सीमाप्रश्नात आपण एकेका गावासाठी भांडतो. एवढा मोठा लेखक मात्र कोणी हिसकावून न घेता आपल्या हातून गेला.

इथे हमखास एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. मिशनरी शिकवायला आले नव्हते, बाटवायला आले होते, शाळा हे त्याचे साधन होते, असे लोक म्हणतात. ते धर्मप्रसारासाठी आले होते हे खरेच आहे. टेलर-बेनन यांनी आपला हेतू कधी लपवला नाही. एखादा मुलगा ख्रिस्ती झाला की त्याच्या घरावर आकाश कोसळत असे, आई-बाप जिवंतपणी पोराला अंतरत, जात वाळीत टाकी. ते दुःख खोटे नव्हते आणि मिशनच्या जुन्या अहवालांतल्या आनंदाच्या ओळी वाचताना ते विसरू नये. पण शाळा म्हणजे तिच्या संस्थापकांचा हेतू एवढेच नसते. ज्या घरांनी मुले तिथे घातली त्यांचाही काही हेतू होता. त्यांना इंग्रजी हवे होते, कचेरीत नोकरी हवी होती, आणि मुलगा बाटणार नाही याची काळजी घेत त्यांनी ते शिक्षण घेतले. बहुसंख्य मुले ज्या धर्मात आली त्याच धर्मात बाहेर पडली. शिवाय मिशनच्या शाळांना उत्तर म्हणूनही आपल्या लोकांनी पुढे स्वतःच्या संस्था काढल्या. 1880 मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, 1916 मध्ये बेळगावात के.एल.ई. (कर्नाटक लिंगायत एज्युकेशन) सोसायटी निघाली. मिशन शाळेचे पान फाडून टाकले तर ही पुढची पानेही नीट लागत नाहीत.

एका छोट्या ख्रिस्ती कॉलेजचा इतिहास या संदर्भात मला फार शिकवणारा वाटतो. ते कॉलेज आपल्यापासून दूर, बंगालमध्ये हुगळीच्या काठी आहे, पण मराठीशी त्याचे नाते जुने आहे. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी श्रीरामपूरला ते 1818 मध्ये काढले, म्हणजे बेळगावचा किल्ला पडला त्याच साली. हे केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवीत. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी 1805 मध्ये मराठीचे व्याकरण छापले, 1810 मध्ये कोश काढला. 1814 मध्ये तिथेच सिंहासन बत्तिशी मराठीत छापली गेली. पुण्यात पेशवाई चालू होती, दप्तरखाने भरलेले होते, पण छापखाना नव्हता. छापील मराठी पुस्तकाच्या जन्माच्या गोष्टीत श्रीरामपूरचे पान असे आधी येते. 1812 मध्ये तिथल्या छापखान्याला आग लागली, हस्तलिखिते आणि टाइप जळाले, आणि तरी काम पुन्हा उभे राहिले.

श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. 1827 मध्ये डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक यांनी या कॉलेजला सनद दिली आणि पदव्या देण्याचा अधिकार दिला. मुंबई, मद्रास, कलकत्ता विद्यापीठे व्हायला अजून तीस वर्षे होती. पण कॉलेज लहानच राहिले. पैसा कमी, विद्यार्थी थोडे, इंग्लंडातल्या पालक संस्थेशी कुरबुरी. 1845 मध्ये डेन्मार्कने ते गाव इंग्रजांना विकले, तेव्हा करारात कॉलेजचे हक्क जसेच्या तसे राहतील असे कलम घालून घेण्यात आले. 1883 मध्ये तर पदवीचे वर्ग बंद झाले आणि फक्त धर्मोपदेशक घडवण्याचे काम उरले. कोणी म्हटले असते, संपले. पण 1911 मध्ये जॉर्ज हॉवेल्स यांनी कला शाखेचे वर्ग पुन्हा सुरू केले, आणि 1915 मध्ये त्याच सनदेच्या आधारावर धर्मशास्त्राच्या पदव्या पहिल्यांदा देण्यात आल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षे जो अधिकार पेटीत पडून होता तो उपयोगी पडला. 1918 मध्ये बंगालच्या कायदेमंडळाने कायदा करून तो पक्का केला. आज देशभरातली अनेक धर्मशिक्षणाची कॉलेजे त्या श्रीरामपूरच्या छत्राखाली पदव्या देतात.

हे कॉलेज श्रीमंतीवर तगले नाही, संख्येवर तर नाहीच. राज्य बदलले, सत्ता बदलली, चालवणारे बदलले, पण सनद, करार आणि ठराव कोणीतरी सांभाळून ठेवले होते आणि त्यांचा अर्थ ठाऊक असलेली माणसे प्रत्येक पिढीत थोडीफार होती. सत्ता बदलणाऱ्या मुलखात संस्था कशी टिकते ते त्यातून कळते. आणि बेळगावएवढा सत्ताबदल किती गावांनी पाहिला असेल? पेशवाई, कंपनी सरकार, मुंबई इलाखा, मुंबई राज्य, म्हैसूर राज्य, कर्नाटक. इथल्या कॉलेजांनी आधी मुंबई विद्यापीठ पाहिले, मग धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ, आणि 2010 पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ. इतकी स्थित्यंतरे झालेल्या गावात जुन्या कागदांची आच सर्वांत जास्त असायला हवी होती.

बेळगावच्या मिशनचे कागद मात्र विखुरले. लंडन मिशनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथले काम अमेरिकन मेथडिस्टांकडे सोपवले. त्यामुळे पहिल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांची पत्रे आणि अहवाल पाहायचे तर लंडन विद्यापीठाच्या सोआस या प्राच्यविद्या संस्थेत जावे लागते, कारण लंडन मिशनचे दप्तर तिथे आहे. त्यानंतरचा मेथडिस्टांचा मोठा संग्रह अमेरिकेत न्यू जर्सीच्या ड्रू विद्यापीठात आहे. शेजारच्या धारवाडला काम करणाऱ्या बासेल मिशनचे कागद स्वित्झर्लंडमध्ये. बेळगावच्या शाळेवर प्रबंध लिहायला निघालेल्या खानापूरच्या मुलीने व्हिसा काढायचा, हे चित्र बदलायला हवे. या संग्रहांतले काही भाग आता संगणकावर येत आहेत, ते मागवता येतात, आणि एखाद्या विद्यापीठाने मनावर घेतले तर बेळगावपुरते कागद प्रतिरूपात इथे आणणे काही अवघड नाही. मात्र त्या कागदांत मिशनऱ्यांचा आवाज आहे. वर्गात बसलेल्या मुलांचा आवाज तिथे नाही.

तो थोडाफार कुठे असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. ज्याने आयुष्यात एकदा तरी शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी हेलपाटे घातले आहेत त्याला हे रजिस्टर माहीत असते. जाडजूड, कापडी बांधणीचे, लांबट आकाराचे. नाव, बापाचे नाव, जात, धर्म, जन्मठिकाण, मातृभाषा, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, कोणत्या इयत्तेत सोडली, का सोडली. या शेवटच्या रकान्यात केवढे काय सामावलेले असते! परगावी गेला. फी न भरल्यामुळे नाव कमी. लग्न झाले. मयत. प्लेगची साथ बेळगावात येऊन गेली, त्या वर्षांची पाने उलटली तर गावाने काय सोसले ते एका रकान्यावरून कळेल. मुलगी पहिल्यांदा कोणत्या गल्लीतून शाळेत आली, महार-चांभारांची मुले कोणत्या साली दाखल झाली आणि किती इयत्ता टिकली, शहापूरच्या विणकराचा मुलगा आणि कॅम्पातल्या खानसाम्याचा मुलगा एका वर्गात बसले का, हे सांगणारे दुसरे साधन आपल्याकडे नाही.

आणि मातृभाषेचा रकाना. सीमाप्रश्नात दोन्ही बाजूंनी आकड्यांची लढाई झाली ती जनगणनेच्या आकड्यांवर. जनगणना हा दर दहा वर्षांनी वरून घेतलेला हिशेब असतो. शाळेच्या रजिस्टरात दर जूनला घरातला माणूस स्वतः येऊन सांगतो की आमची भाषा ही. एका गल्लीत, एका घराण्यात ती उत्तरे तीन पिढ्यांत कशी बदलत गेली, हे तिथे दिसते. ती उत्तरे सगळी आपल्याला सोयीची निघतील असे मी म्हणत नाही. एकाच घरातल्या थोरल्याची मातृभाषा मराठी आणि धाकट्याची कानडी लिहिलेली सापडली तर त्याचाही अर्थ लावावा लागेल. पण आपला दावा खरा आहे असा विश्वास असेल तर पुराव्याला भ्यायचे कारण नाही.

महाराष्ट्रात 2023 नंतर कुणबी नोंदींच्या शोधात जुनी शाळा रजिस्टरे, मोडीतली दप्तरे धुंडाळली गेली, तेव्हा या वह्यांचे मोल लाखो लोकांना एकदम कळले. आरक्षणाच्या निमित्ताने का होईना, आजोबांचे नाव असलेल्या पानाचा फोटो घराघरात पोचला. बेळगाव भागात असा शोध कोणी घेतलेला नाही, आणि इथला पाऊस कोणाची वाट पाहत नाही. जूनपासून चार महिने ओल, मग वाळवी. इमारतीची डागडुजी निघाली की सर्वांत आधी बाहेर पडतात ती जुनी कपाटे. एक लिपिक निवृत्त झाला की कोणते रजिस्टर कुठल्या गठ्ठ्यात आहे हे सांगणारा माणूसच जातो.

आता आवाराबद्दल. गावाच्या मधोमध असलेली मोकळी जागा, झाडे, मैदान, जुन्या पद्धतीच्या उंच छताच्या खोल्या, यांवर सगळ्यांचा डोळा असतो. लहान संस्थेची अडचणही खोटी नाही. अनुदानाची पदे भरली जात नाहीत, पटसंख्या घसरते, शेजारी इंग्रजी माध्यमाच्या चकचकीत शाळा उभ्या राहतात, पीयूचे, म्हणजे अकरावी-बारावीचे, विद्यार्थी कोचिंगवाल्यांकडे वळतात. अशा वेळी रस्त्याकडेची पट्टी दुकानांना द्यावी, एखादी जुनी इमारत पाडून वर चार मजले काढावेत, असा विचार कोणत्याही विश्वस्ताच्या मनात येईल, मग संस्था ख्रिस्ती असो की हिंदू की मुसलमान. चर्चच्या जमिनींचे वाद देशभर कोर्टांत पडून आहेत हे जगजाहीर आहे. माझे म्हणणे इतकेच की ज्या आवाराचा इतिहास लिहिलेला नाही त्याची किंमत लोकांच्या लेखी गुंठ्यावरच ठरते. कोणती खोली कधी बांधली, पैसे कोणी दिले, तिथे कोण शिकले, हे माहीत असलेली इमारत पाडायला निघालेल्याला चार लोक विचारतात. माहीत नसेल तर तीच इमारत एका रात्रीत धोकादायक ठरते. बेळगाव 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आले. रस्ते झाले, दिवे आले. जुन्या शाळांच्या आवारांची रीतसर नोंद, मोजमापे, छायाचित्रे यांचे काम महानगरपालिकेने त्याच जोमाने हाती घेतले तर विश्वस्तांनाही बळ येईल. विकायला नकार देणाऱ्याला गावाचा आधार लागतो.

“त्यांची मालमत्ता, त्यांनी बघावे,” असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात. बेळगावचा ख्रिस्ती समाज लहान आहे आणि आज दबलेला आहे. धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेने डिसेंबर 2021 मध्ये संमत केले ते बेळगावच्या सुवर्णसौधातच. त्या दिवसांत प्रार्थनेला जमलेल्या लोकांच्या मनात काय भीती होती हे कॅम्पात राहणाऱ्या कोणालाही विचारा. अशा काळात “आमच्या मिशनऱ्यांनी हे उभे केले” असे जाहीर म्हणायला त्या समाजातला माणूस धजत नाही, आणि त्याने म्हटले तर ऐकणारे संशय घेतात. हेच वाक्य येळ्ळूरच्या संमेलनात एखादा मराठी शिक्षक बोलला तर त्याला वेगळे वजन येते. म्हणून मी हे काम आपल्यावर टाकतो आहे. शिवाय त्या समाजातही घरात मराठी बोलणारी, मराठीतून प्रार्थना करणारी कुटुंबे आहेत. सीमाभागातल्या मराठीची मोजदाद करताना आपण त्यांना धरतो का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

कानडी बांधवांना या कामातून बाहेर ठेवायचे नाही, हेही सांगतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या कागदोपत्री हा सारा मुलूख दक्षिणी मराठा प्रदेश होता आणि कानडी मुलांना कितीतरी ठिकाणी मराठीतून शिकावे लागे. त्या अन्यायाविरुद्ध डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्यांनी कानडी शाळांसाठी जिवाचे रान केले. आज मराठी शाळांसाठी झगडणाऱ्या आपल्याला ती तळमळ कळायला हवी. मिशनच्या शाळांत दोन्ही भाषांची मुले होती, त्यांच्या नोंदी एकाच रजिस्टरात आहेत, आणि त्या वाचायला मोडी येणारा माणूस लागेल तसा कानडी येणाराही लागेल. एकाला दुसऱ्याशिवाय पान पुरते वाचता येणार नाही.

काय करायचे ते फार मोठे नाही. 75 वर्षांपूर्वीची सर्व रजिस्टरे, आवारांचे नकाशे, बक्षीस समारंभांचे अहवाल, स्नेहसंमेलनांच्या पुस्तिका संस्थेच्या परवानगीने स्कॅन कराव्यात. अलीकडच्या नोंदींना हात लावू नये, कारण त्यांत हयात माणसांची जात आणि जन्मतारीख असते आणि त्या उघड करण्याचा कोणाला अधिकार नाही. मूळ कागद संस्थेकडेच राहावेत, नाहीतर कोणी विश्वासाने दार उघडणार नाही. एक प्रत गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात आणि एक राणी चन्नम्मा विद्यापीठात ठेवावी. खर्चाचे म्हणाल तर एखाद्या गणेशोत्सव मंडळाच्या मंडपाइतकाही येणार नाही. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे दरवर्षी होतात, त्यांनी जेवणावळीबरोबर ऐंशी वर्षांवरच्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. आणि येत्या हिवाळ्यात कडोली किंवा उचगावच्या संमेलनात एक सत्र बाबा पदमनजींवर ठेवावे, त्याला त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना बोलवावे. निमंत्रणपत्रिका छापायला जाण्याआधी आयोजकांना एक फोन करणे माझ्या हातात आहे, तो मी करतो आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशा शाळेचा जुना दाखला, वर्गाचा फोटो किंवा बक्षिसाचे पुस्तक असेल त्यांनी ते रद्दीत घालू नये, आणि फोटोमागे नावे लिहिलेली नसतील तर ओळखणारी माणसे आहेत तोवर लिहून ठेवावीत.